नाजूक हनुवटी

ओढणीची गाठ तिसऱ्यांदा सुटली तेव्हा नंदाबाईने हार मानली आणि पेटीतून नवऱ्याचं जुनं धोतर काढलं. ओढणी गुळगुळीत, गाठ धरत नव्हती. सुती कापड धरेल. पांढरं नको, असं एकदा तिच्या मनात आलं. पण उद्या सकाळच्या जीपने पोर सासरी जायची होती, शुभ-अशुभ बघत बसायला वेळ कुणाला होता? तिने चार बोटं रुंद पट्टी टर्रकन फाडली.

"निज उताणी," ती लेकीला म्हणाली.

"उताणं निजल्यावर जास्तच वाजतं, आई."

"म्हणूनच म्हणून राह्यले. उताणं निजून न्हाई वाजलं, तर कसंच वाजायचं न्हाई."

आकांक्षा चटईवर उताणी झाली. नंदाबाईने पट्टी हनुवटीखालून घेतली, दोन्ही गालांवरून वर नेली आणि डोक्यावर गाठ मारली.

ही हनुवटी बघूनच तर सोयरीक जुळली होती. "काय नाजूक ठेवण हाय बाई!" म्हणत जाफराबादच्या विहीणबाईंनी बघण्याच्या दिवशी ती दोन बोटांत धरली होती. लग्नाला चार महिने झाले आणि त्याच विहीणबाईंनी पोर माहेरी आणून सोडली. रात्री घोरते, नवऱ्याच्या डोळ्याला डोळा लागत नाही, भिंतीपलीकडचे हसतात; वर दिवसा पेंगते, ते वेगळंच. मग दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी बैठक बसवून तोड काढली. तीन रात्री पोर सासरी निजेल, सासू खोलीच्या उंबऱ्याशी निजेल. आवाज आला नाही तर पोर नांदेल. आला तर चौथ्या दिवशी कायमची हसनाबादला परत.

जालन्याच्या डॉक्टरने घशात बॅटरी मारून सगळं उलगडून सांगितलं होतं. खालचा जबडा लहान, मागे सरकलेला. जिभेला जागा पुरत नाही. झोपेत घसा सैल पडला की जीभ मागे घसरते, श्वासाची वाट चिंचोळी होते, पडजीभ थरथरते; तोच हा आवाज. "यात हिचा काही दोष नाही, हाडाची ठेवणच तशी आहे. रात्री नाकाला हवेचं मशीन लावावं लागेल," तो म्हणाला होता. "आणि आवाजाला भिऊ नका. आवाज मधेच बंद पडतो ना, तेव्हा श्वास अडलेला असतो. त्याला भ्या."

मशीनचं नाव काढताच विहीणबाईंनी हात झटकले होते. "नळी लावून निजणारी सून? आमचं घर हाय का दवाखाना?"

आकांक्षाला झोप लागायला वेळ लागला नाही. रात्रभर श्वास अडून अडून ती दचकत असे, त्यामुळे दिवसा पाठ टेकली की डोळे मिटलेच. थोड्याच वेळात घरघर सुरू झाली. नंदाबाईने गाठ आवळली. घरघर बारीक झाली. तिने दातओठ खाऊन आणखी आवळली, आणि आवाज थांबला.

भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. नंदाबाईला आधी आनंद झाला. हो, आनंदच झाला. आणि मग डॉक्टर आठवला. तिने लेकीच्या नाकाशी बोटं धरली. बोटांना काही लागेना. ती खाली वाकली.

नेमकी तेव्हाच शेजारची दुर्गाबाई विरजणाची वाटी घेऊन दारात आली. सोयरीक तिनेच आणली होती, आणि पोर परत आल्यापासून 'घोरणारी पोर माझ्या गळ्यात मारली, माझं नाक कापलं' असं गल्लीभर सांगत फिरत होती. तिने दारातून बघितलं: सरळ निजवलेली पोर, पांढऱ्या पट्टीने बांधलेला जबडा, नाकाशी बोटं धरून बसलेली आई. गावात कोणी गेलं की जबडा बांधायला दुर्गाबाईलाच बोलावत. तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती. वाटी तिच्या हातून पडली.

"माय माय माय! असं कसं केलंस गं माझे बाई!" तिने उंबऱ्यातच बसकण मारली आणि पदरात तोंड खुपसून हंबरडा फोडला. "गुणाची गं माझी लेक! चार महिने राबली, कधी उलटून बोलली न्हाई! लक्षुमी गेल्ती गं त्यांच्या घरात, त्यांनाच कळली न्हाई!"

तेवढ्यात आकांक्षाचा श्वास खर्रकन परत आला. नंदाबाईच्या बोटांना ऊब लागली. दुर्गाबाईच्या आकांतात तो आवाज बुडून गेला. बाहेर चपला वाजायला लागल्या. गल्लीतल्या बाया धावत येत होत्या.

"अवो दुर्गाबाई, ऐका तरी..." म्हणत नंदाबाई उठायला गेली, तर तिचा पदर खालून ओढला गेला. आकांक्षाने डोळे किलकिले केले होते.

"काय शांत निजली बघा गं पोर!" दारात दुर्गाबाई जमलेल्या बायांना सांगत होती. "जरा म्हणून आवाज न्हाई!"

बांधलेल्या दातांतून आकांक्षा हळूच म्हणाली, "बोलू दे तिला, आई. आन् गाठ आवळ, ढिली झाली."

तिने पुन्हा डोळे मिटले.