उरलेला सेंट

"बाबा, डबीत कोणतं नाणं उरलंय ते सांगा, डॉक्टर थांबलेत." फोनवर श्रीपादरावांच्या सुनेचा आवाज कापत होता.

चार वर्षांच्या नातीच्या, ओवीच्या एक्स-रेत पोटात नाणं दिसलं होतं, आणि श्रीपादरावांच्या संग्रहातला अमेरिकेचा एक सेंट नाहीसा झाला होता. तसे त्यांच्याकडे दोन होते, दिसायला अगदी सारखे. जुना तांब्याचा, तो आपोआप पडून गेला असता. दुसरा १९८२ नंतरचा, आतून जस्ताचा. जस्त पोटातल्या आम्लात विरघळून जखमा करतं.

श्रीपादरावांनी उरलेला सेंट भिंगाखाली धरला. खोलीतल्या अंधुक उजेडात साल वाचता येईना. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात नेला. १९७५. तांब्याचा तर घरातच होता!

"तिनं जस्ताचा गिळलाय," ते कसंबसं म्हणाले, "लगेच काढायला सांग."

संध्याकाळी दुर्बिणीनं काढलेलं नाणं डॉक्टरांनी दाखवलं. त्याची कड उंदरानं कुरतडल्यासारखी झाली होती.

"अजून थोडा उशीर झाला असता तर..." डॉक्टर सांगू लागले. श्रीपादरावांनी हात जोडून त्यांना थांबवलं आणि झोपलेल्या ओवीच्या पोटावर हलकेच तळहात ठेवला.