काढल्याचा मेसेज

मशीननं तिचं कार्ड दुसऱ्यांदा बाहेर ढकललं, घासातला खडा थुंकावा तसं. कार्ड परदेशात चालायला हवं असेल तर आधी बँकेकडून तसं उघडून घ्यावं लागतं, हे तिला आत्ता आठवलं. निघायच्या गडबडीत तिनं घरातल्या झाडून सगळ्या कपाटांना कुलपं लावली होती. हे एक कुलूप तेवढं काढायचं राहिलं.

जन्मभर शिवणकाम केलेली बाई ती, पहिल्यांदाच विमानात बसलेली. मागच्या उंच माणसाच्या कोटाचं अस्तर उसवलंय, हे तिच्या आधी लक्षात आलं, आणि तो खोळंबलाय हे नंतर. काचेपलीकडे शहरात जाणारी बस उभी होती. तिकीटखिडकीतल्या मुलीनं कार्ड बघून मान हलवली होती आणि अंगठ्यावर बोट चोळून दाखवलं होतं. रोख. शहरात मुलाची जुनी घरमालकीण त्याच्या सामानाची पेटी घेऊन बसली होती. तीन वर्षं सांभाळली, आज ती घरच सोडून चालली होती. पाचपर्यंत आलात तर तुमची, नाहीतर रस्त्यावर, असं तिनं स्वच्छ कळवलं होतं.

पर्समध्ये आणखी एक कार्ड होतं. नवऱ्यानं निघताना हातात कोंबलेलं. “असू दे, अडीअडचणीला.” बापलेकाच्या जोडखात्याचं कार्ड. मुलगा या देशात राहायचा, म्हणून ते इथं हमखास चाललं असतं. पण त्यातून पैसे काढले की मेसेज जाणार होता नवऱ्याच्या फोनवर.

ती बाजूला झाली. उसवलेल्या कोटाला पुढं जाऊ दिलं.

मुलाला घरात साहेब म्हणत. तीन वर्षांपूर्वी साहेबानं याच विमानतळावर पैसे काढले, आणि त्यानंतर ना तो घरी येणाऱ्या विमानात चढला, ना शहरात परतला. पोलिसांनी फाईल उघडली, मिटली. नवऱ्यानं खातं मात्र मिटलं नाही. दर महिन्याच्या एक तारखेला जाऊन त्यात भर घालायचा. “पोराच्या हाताशी असावेत.” जमा झाल्याचे मेसेज यायचे. काढल्याचा एकही नाही. त्या एका मेसेजसाठी तो आंघोळीलाही फोन आत न्यायचा आणि साबणाशेजारी ठेवायचा.

आणि आता तो मेसेज येणार, तोही इथूनच. उभ्या जागी कोसळेल माणूस. तिनं फोन लावला.

“पोचलीस? मिळाली पेटी?”

“अजून विमानतळावरच आहे. अहो, बसलायत का?”

“दूध तापवतोय. बसून कसं तापवणार?”

“गॅस बंद करा आणि बसा बघू आधी.”

“बसलो. आता बोल, उगाच जीव टांगणीला लावू नकोस.”

“माझं कार्ड चालत नाहीये. मी ठणठणीत आहे, फक्त कार्ड चालत नाही. तुम्ही दिलेल्या कार्डानं काढावे लागतील. मेसेज येईल तुम्हाला. तो माझा असेल. मनात दुसरं काही आणू नका. ऐकलंत ना? मीच असेन.”

पलीकडून चर्र असा आवाज तेवढा आला. बसलो म्हणाला होता, पण दूध उतू गेलं होतं.

“अहो?”

“हां. काढ की. त्याच्या पेटीसाठी लागतायत, त्याचेच काढ.” पातेलं उतरवल्याचा आवाज आला. “फक्त फोन ठेव. आत्ता काढतेय, मग काढतेय, असलं काही सांगत बसू नकोस. काढायचे तेव्हा काढ.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. ठेव.”

तिनं आणखी तिघांना पुढं सोडलं. मग उरलंच कुणी नाही.

नवऱ्यानं दिलेलं कार्ड आत गेलं आणि या वेळी मशीननं ते थुंकलं नाही. आकडे दाबले, रक्कम दाबली. पडद्यानं विचारलं, पैसे तुमच्या देशाच्या हिशेबानं कापू की इथल्या? दोन बटणं. इथल्या हिशेबानं कमी कापतात, हे तिलाही ठाऊक होतं आणि साहेबालाही. तरी तो दर वेळी आपलंच बटण दाबायचा. मेसेजात परकी रक्कम आली की बाबा चष्मा शोधतात आणि गुणाकार करत बसतात, म्हणून.

तिचं बोट इथल्या बटणापर्यंत गेलं. तिथं जरा वेळ थांबलं. मग तिनं आपलं दाबलं.

नोटा कडक होत्या, खळ न गेलेल्या कापडासारख्या. तिनं तिकीट घेतलं. बसच्या पायरीशी पोचते तोच फोन वाजला.

“काय रे!” नवऱ्याचा आवाज एवढा चढलेला होता की पुढच्या बाईनं वळून बघितलं. तीन वर्षांत या माणसानं आवाज चढवला नव्हता. “परत आपल्या पैशातच घेतलेस ना? कितीदा सांगितलं, लुबाडतात ते! मला येतो की गुणाकार. अक्कल कधी येणार तुला, साहेब?”

आणि तो थांबला. तिकडून कुणीतरी काहीतरी म्हणायचंय, असा थांबला.

ड्रायव्हरनं चढा म्हणून हात केला. तिनं एका हातानं फोन कानाशी घट्ट धरला आणि दुसरा स्वतःच्या तोंडावर. बोलली असती तर आवाज तिचा निघाला असता.