नीट पाडणारा

पडद्यावरची आई ढसाढसा रडली, दिवे लागले, आणि निर्मात्याने मुद्दाम आजींच्या हाती दिलेला रुमाल घडीसकट कोरडाच राहिला.

चित्रपट नातीचा, दिग्दर्शक म्हणून पहिलाच. उद्या त्याचे संकलन कायमचे पक्के व्हायचे होते. टीव्हीवरच्या कुस्त्या ती आजींच्या मांडीवर बसून बघत वाढली होती, म्हणून आजींचे मत घेतल्याशिवाय तिला पुढे जायचे नव्हते.

"कुस्ती झकास," आजी म्हणाल्या. "आई खोटी."

निर्माता खुर्चीत सरसावला. "अहो, तोच तर चित्रपटाचा प्राण! पैलवान मुलाच्या कुस्त्यांचे निकाल आधीच ठरलेले असतात हे आईला कळतं आणि ती कोसळते."

"कळतं म्हणजे? इतके दिवस तिला ठाऊक नव्हतं?"

"प्रेक्षकांना कुठे ठाऊक असतं, आजी?"

"तुमचं नाव शाळेत घालायच्या आधीपासून मी ह्या कुस्त्या बघते आहे. मला दूधखुळी समजलात?"

निर्मात्याने नातीकडे पाहिले. ती हसत नव्हती.

"पण आजी, सगळं लुटुपुटूचं म्हटल्यावर आईनं जीव कशात अडकवायचा?"

"निकाल लुटुपुटूचा गं. जमीन खरीच असते. पोराला डोक्यावर उचलून आपटतात, तेव्हा त्याची मान कोणाच्या हातात असते?"

"समोरच्याच्या."

"मग आई बघेल कोणाकडे?"

नातीने काळ्या पडद्याकडे पाहिले. साऱ्या चित्रपटात पडद्यावरची आई मुलाकडेच बघत होती.

"शेवटी काय करेल ती?" तिने हळूच विचारले.

"कुस्ती संपली की आत जाईल. पोराला नंतर विचारेल. आधी त्या दांडग्याला पाणी देईल."

"ज्यानं तिच्या मुलाला लोळवलं, त्याला?" निर्माता ओरडलाच.

"नीट लोळवलं त्यानं."

आजी उठल्या. रुमाल त्यांनी निर्मात्याच्या हाती परत दिला. त्याला आता त्याची गरज दिसत होती.

"सकाळीच सेट मोडायचा आहे," तो पुटपुटला.

"दुपारी मोडा." नातीने फोन केव्हाच कानाला लावला होता. त्या दांडग्या खलनायकाचे काम करून सुटलेला नट पलीकडे कुरकुरत होता.

"नाही हो दादा, मारामारी संपली. उद्या फक्त पाणी प्यायचं आहे."