खिशातला फ्यूज

दुकानाच्या नावाचा लाइटचा बोर्ड बसवायला जो शिडीवर चढतो, त्याने दुकानाचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा. खालच्यावर भरवसा टाकायचा नाही, हा आम्हा फिटर लोकांचा नियम.

येवल्यातल्या पैठणीच्या दुकानावर मी तसाच चढलो. खाली माझा मदतनीस सावळीराम उभा होता. वायर जोडायला बोर्डात हात घातला आणि बोर्ड उजळला. मी दचकून शिडी धरली.

"सावळीराम, लाइन कुणी चालू केली?"

"कुणीच नाय!" खालून तो ओरडला. "फ्यूज तुझ्याच खिशात हाय. आधी बोर्डातला हात काढ!"

"माझे दोन्ही हात शिडीवर आहेत."



उजळलेल्या बोर्डाच्या काचेला, आतल्या बाजूने, एक पंजा टेकला होता. त्याने सावकाश मूठ वळली.

शिडीवरची माझी बोटंही आवळली. आता सुटत नाहीत.