घरपोच, खर्च आमचा

कुरिअरच्या काउंटरवरच्या माणसाने वजनकाट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने टेप काढली, काळी पेटी उभी-आडवी मोजली आणि आकडा सांगितला.

"अहो, सात किलो तर आहे," कारागीर म्हणाला. "घरी मोजून आणलंय."

"सात असो की सत्तर. गाडीत जागा किती खातंय, त्याचे पैसे. आत काय आहे?"

चेलो, कारागिराने सांगितलं. व्हायोलिनचा थोरला भाऊ, खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरून वाजवायचा. हाताने बनवलेला आहे, हे त्याने जरा छाती काढूनच सांगितलं. त्यावर त्या माणसाने नाजूक मालाचा दर लावला, वर विमा लावला, आणि मघाचा आकडा दुप्पट झाला. छाती काढली नसती तर विमा तरी कमी पडला असता.

विक्रीच्या पानावर कारागिराने स्वतःच ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'घरपोच, खर्च आमचा'. सात किलो तांदूळ पाठवायला काय लागेल, त्या अंदाजाने लिहिलं होतं. आता चेलोची जवळजवळ निम्मी किंमत तो पोचवण्यातच जाणार होती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

तो पेटी घेऊन परत आला. मागच्या खोलीत फळ्यांच्या आड ती उभी केली, वर जुनी चादर टाकली आणि स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं, "गेला एकदाचा."

तीन वर्षांत तिच्याशी तो पहिल्यांदाच खोटं बोलला होता. तीन वर्षांचाच हिशेब, कारण फर्निचरच्या कारखान्यातली नोकरी सोडून वाद्यं बनवायला लागल्यापासून घर तिच्या सुईवर चाललं होतं. ती लोकांच्या सोफ्यांना, खुर्च्यांना, गाड्यांच्या सीटना कव्हरं शिवायची. त्याने एवढ्या काळात एक चेलो पुरा केला. शेजारी त्याला कारागीर म्हणायचे, पण म्हणताना एकमेकांकडे बघायचे. किंमत तीनदा उतरवली तरी कुत्रं विचारत नव्हतं.

आणि मग त्या बाईंचा निरोप आला. लांबच्या शहरात संगीत शिकवणाऱ्या बाई. काय एकेक प्रश्न विचारले त्यांनी! एकूण लांबी किती, सगळ्यांत रुंद भागाचं माप काय, निमुळत्या भागाचं काय, दमट हवा बाधेल का, गाडीत धक्के बसले तर काय होईल. आणखी फोटो मागवले, उघडून, बंद करून, सगळ्या बाजूंनी. कारागिराने मिलिमीटरपर्यंत मापं कळवली. जेवताना तो बायकोला म्हणाला, "दर्दी माणूस असा असतो. दुसऱ्या कुणी आधी किंमत पाडून मागितली असती." पेटी नक्की सोबत येणार ना, असंही बाईंनी विचारलं होतं. त्याने मोठ्या मनाने लिहिलं, पेटी फुकट.

पेटी बायकोची होती. म्हणजे प्लायवूड त्याने कापलं होतं. आतला फोम, मखमल, कोपऱ्याकोपऱ्याची शिलाई तिची. गिऱ्हाइकांची कामं उरकून तिने ती महिनाभर शिवली होती. फुकट लिहिताना त्याने तिला विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटलंही नाही.

तिसऱ्या दिवशी ती खडू शोधत मागच्या खोलीत आली. चादर तिला दिसली. तिने ती उचललीही नाही. आपण शिवलेली वस्तू झाकली तरी ओळखू येतेच. ती स्टुलावर बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली. कारागिराला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने सगळं सांगून टाकलं. मनातल्या मनातसुद्धा त्याला स्वतःची बाजू सापडली नाही.

ती म्हणाली, नव्या शिलाई मशीनसाठी बाजूला ठेवलेत, त्यातून भरू. हे ऐकून तर त्याला तिच्याकडे बघवेना. पहिली विक्री आणि तीही बायकोच्या पैशाने! तसं करायचं तर कारखान्यात परत गेलेलं बरं, तो म्हणाला.

"मग बाईंना फोन करा," ती म्हणाली. "चूक आपली आहे, तशी सांगा. खाणार नाहीत त्या तुम्हाला."

दिलेला शब्द फिरवायचा, तोही आयुष्यातल्या पहिल्या गिऱ्हाइकापुढे. पण तिच्यापासून आता काही लपवायचं नाही म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकला आणि मध्ये ठेवला. बाईंनी उचलला. पाठ केलेली वाक्यं तो पहिल्याच वाक्याला विसरला. माप न धरता वजन धरलं, नाजूक मालाचा दर माहीतच नव्हता, खर्च निम्मा-निम्मा करू, तेही जमत नसेल तर तुम्ही पाठवलेली आगाऊ रक्कम आजच परत करतो, असं तो एका दमात बोलला. शेवटी म्हणाला, "लिहिलं मीच होतं. लाज वाटतेय मागायला. पण या चेलोला तुमच्यासारखा जाणकार पुन्हा मिळायचा नाही, म्हणून मागतोय."

बायको पदराच्या टोकाशी चाळा करत होती.

"तुम्ही एवढं खरं बोललात," बाई म्हणाल्या, "आता मलाच लाज वाटायला लागली. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, पण इतक्या हौसेने तुम्ही मापं कळवत होतात, मला धीरच झाला नाही. अहो, चेलो माझ्याकडे आहे, वीस वर्षं तोच वाजवते. तुमचा तुम्ही काढून ठेवा आणि नुसती पेटी पाठवा, म्हणजे नाजूक मालाचा दर लागणार नाही. पैसे मी ठरलेलेच देते."