पिवळी पेटी

तिसरीच्या बाईंना पिवळी पेटी धाकट्या बहिणीनेच दिली होती. "ताई, आमच्या संशोधनातली नवी वाचनकार्डं आहेत. मुलं भराभर वाचायला लागतील." सख्ख्या बहिणीचा शब्द, शंका कसली? बाईंनी वर्षभर जीव ओतला. मुलं कार्डं हाताळण्याआधी नीट हात धुऊन यायची. तरी वाचताना अडखळतच राहिली. बाईंनी स्वतःलाच बोल लावला. वर्षअखेरच्या बैठकीत बहीण सहज बोलून गेली: खरी कार्डं शेजारच्या वर्गात होती, पिवळ्या पेटीत जुनेच धडे नव्याने छापलेले. तुलनेला असा वर्ग लागतोच. चहाच्या वेळी बाईंनी तिला गाठलं. "मलाच बनवलंस?" "सांगितलं असतं तर तू इतक्या उमेदीने शिकवलं असतंस का? पुढच्या वर्षी खरी पेटी तुलाच देते." बाईंनी पेटी तिच्या हातात ठेवली. "ही मुलं हात धुऊन यायची गं. पुढच्या वर्षी ती माझ्याकडे नसतील."