जोडीतला दुसरा बिल्ला

“चाचा, यात हिरवं राहिलंय,” यशश्री म्हणाली.

रियाजची बायको ताहेरा जाऊन पंचेचाळीस दिवस झाले होते. चाळीसाव्या दिवसाचा विधी होईपर्यंत त्याने दुकान उघडलंच नव्हतं. द्वारका चौकाजवळच्या त्या दुकानात साफ करून दिलेला एकही बिल्ला तीस वर्षांत परत आला नव्हता. हा पहिला.

रियाज बिल्ला घेऊन दारात उजेडाला गेला.

“कुठे हिरवं?”

“अक्षरांच्या खाचेत. हे बघा ना.”

त्याला खाच दिसली नाही आणि हिरवंही दिसलं नाही. “ठेवून जा,” तो म्हणाला. “उद्या ये. आणि दुसरा तू आधीच नेलास. डब्यात एकच आहे.”

“नाही हो चाचा. मी काहीच नेलं नाही. त्या शुक्रवारी आले तर शटर बंद होतं.”

यशश्रीचे आजोबा रेल्वेत गार्ड होते. त्यांच्या कॉलरवरचे हे दोन लहान बिल्ले. पितळेचे, वर चांदीचा मुलामा. सत्तर वर्षांत काळे पडले होते. वडिलांच्या पंच्याहत्तरीला तिला ही जोडी फ्रेम करून द्यायची होती. ताहेरा गेली त्या आठवड्यातल्या सोमवारी तिने दोन्ही आणून दिले. रियाजने संध्याकाळपर्यंत दोन्ही साफ केले, चिठ्ठी लिहिली आणि डब्यात टाकले. ताहेराने मात्र यशश्रीला फोन करून शुक्रवारी बोलावलं.

ती नेहमी असंच करायची. काम एका दिवसात झालं तरी गिऱ्हाइकाला चार दिवसांनी बोलवायची. रियाज चिडायचा. “काम झालंय, मग शुक्रवार कशाला?” ती म्हणायची, “सुकू दे की जरा. पळून चाललाय का बिल्ला?” मलमलच्या फडक्यात गुंडाळून द्यायचं कामही तिने स्वतःकडे घेतलं होतं. तेवढं तिला करू दे, असं तो म्हणायचा. त्यापुढे तिने कामाला हात लावलेला त्याला चालत नसे. “तुझा हात भांड्यांचा आहे,” तो सांगायचा. “बिल्ल्याला घासायचं नसतं. मळ निघाला पाहिजे, मुलामा राहिला पाहिजे. त्याला नजर लागते.”

त्याची नजर सगळ्यांना माहीत होती. तीन वर्षांपूर्वी त्याचं भिंग हरवलं, ते त्याने पुन्हा घेतलं नाही. भिंग गेल्यापासून काम जास्तच साफ होतंय, असं तो सांगायचा. गिऱ्हाइकंही तेच म्हणायची. ताहेराने एकदा डोळ्यांच्या शिबिरात त्याचं नाव घातलं होतं. तो गेला नाही. “मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो,” असं त्याने वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी तिला सांगितलं.

यशश्री गेल्यावर तो बिल्ला घेऊन बसला. रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवला, कापसाने पुसला. बोटाला गुळगुळीत लागला. तरी हिरवं राहिलंय म्हणाली. मग त्याने आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. भांड्यांची पावडर आणली आणि घासला. बराच वेळ घासला.

दुसऱ्या दिवशी त्याने बिल्ला यशश्रीच्या हातावर ठेवला. “बघ. आता काढ खोट.”

तिने बिल्ला उलटसुलट करून पाहिला.

“काय गं?”

“चाचा, हा पिवळा झालाय.”

“पिवळा कसा? पांढराशुभ्र आहे.”

“चांदी गेली, चाचा. आतलं पितळ दिसतंय.”

सून नाझिया चहा घेऊन आली होती. तिने बिल्ल्याकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे. ट्रे ठेवून ती आत गेली आणि ताहेराचा शिवणाचा डबा घेऊन आली. ताहेरा गेल्यापासून तो कुणी उघडला नव्हता.

डब्यात दोऱ्याच्या रिळांखाली बांबूच्या बारीक काड्या होत्या, टोकांना कापूस गुंडाळलेला. रिठ्याच्या पाण्याची एक बाटली होती. त्याचं हरवलेलं भिंग होतं. आणि मलमलच्या फडक्यात गुंडाळलेला दुसरा बिल्ला होता.

“हे काय आहे?” रियाजने विचारलं.

“अम्मी रोज दुपारी करायच्या, अब्बा. तुम्ही झोपलात की. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.”

“माझ्या कामाला हात लावत होती?” त्याचा आवाज चढला. “कधीपासून?”

नाझियाने भिंग त्याच्यापुढे सरकवलं.

त्याने ते उचललं, डोळ्याला लावलं आणि दुसरा बिल्ला खिडकीकडे धरला. भिंगातून धुकं मोठं दिसलं, एवढंच. यशश्री चहाला हात न लावता उभी होती.

“किती साफ झालाय?” त्याने विचारलं. आवाज खाली आला होता.

नाझियाने त्याचा अंगठा धरला आणि बिल्ल्यावर मधोमध टेकवला.

“इथपर्यंत अम्मींनी केलाय. अक्षरं एकदम कोरी निघालीत. मुलामा जसाच्या तसा आहे.”

“आणि पुढे?”

“पुढे काळा आहे. खाचेत हिरवं आहे.”

त्याने अंगठा पुढे सरकवला, मागे आणला. दोन्हीकडे त्याला सारखंच लागलं.

फडक्याच्या घडीतून एक चिठ्ठी खाली पडली. यशश्रीने ती उचलली आणि वाचून त्याच्या हातात दिली. अक्षर त्याचंच होतं. दोन नग, तयार.

दुसऱ्या बिल्ल्याचा अर्धा भाग अजून साफ व्हायचा होता.